व्हाइसरॉयच्या टेबलापाशी बसलेला वऱ्हाडी माणूस

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेलं तेवढं काढलं आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

मागच्या आठवड्यात अमरावतीला गेलो होतो. बसमधून मित्राला फोन केला, "कुठं उतरू?" तो म्हणाला, "इर्विनले उतर ना बे." उतरलो. चहा झाला. मग सहज विचारलं, "हा इर्विन कोण होता रे?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याला सातबारा मागितला. म्हणाला, "दवाखाना आहे."

दवाखाना आहेच. पण लॉर्ड इर्विन हा १९२६ ते १९३१ या काळातला भारताचा व्हाइसरॉय. अमरावतीतच बायकांचा दवाखाना 'डफरीन', तो लेडी डफरीनच्या नावाने. अकोल्याला आलात तर 'लेडी हार्डिंग'. म्हणजे आपल्या वऱ्हाडात बाळ जन्माला येतं तेही एखाद्या व्हाइसरॉयच्या बायकोच्या नावाखाली. साहेब गेले, नावं राहिली, आणि नावांमागची माणसं कुणालाच आठवत नाहीत. चालायचंच.

आज मात्र मला दुसऱ्या एका माणसाबद्दल बोलायचं आहे. तो आपला, वऱ्हाडातला. एका व्हाइसरॉयच्या राज्यात तो तुरुंगात गेला आणि पुढच्या एका व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात जाऊन बसला. मग एक दिवस उठून बाहेर पडला. माधव श्रीहरी अणे. लोक त्यांना लोकनायक बापूजी अणे म्हणायचे. यवतमाळकडच्या श्रोत्यांनी नाव ऐकलं असेल, कॉलेजच्या पाटीवर वाचलं असेल. अकोला-अमरावतीत विचारलं तर दहातले नऊ जण म्हणतील, "अण्णा हजारे का?" नाही भाऊ, अणे.

आधी नकाशा डोक्यात बसवू या, नाहीतर पुढे गोंधळ होईल. वऱ्हाड म्हणजे तेव्हाचे चार जिल्हे: अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ. कागदोपत्री हा मुलूख हैदराबादच्या निजामाचा. १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे, १९०२ मध्ये त्यांनी तो कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताला जोडून टाकला. मालक एक, वहिवाटदार दुसरा. शेतीच्या भांडणात असतं ना, तसंच. त्यामुळे आपल्याकडच्या वकिलांना पट्टा, करार, हक्क या गोष्टी जरा जास्तच कळत असाव्यात असा माझा एक अंदाज आहे. अंदाजच, पुरावा मागू नका.

अणे मूळचे वणीचे. जन्म २९ ऑगस्ट १८८०. शिकले नागपूरला, मॉरिस कॉलेजात. आणि पहिली नोकरी कुठे? अमरावतीत. काशीबाई हायस्कुलात १९०४ ते १९०७ शिक्षक होते. त्या काळात अमरावती म्हणजे वऱ्हाडच्या राजकारणाची राजधानी. १८९७ चं काँग्रेसचं अधिवेशन या गावात झालं होतं. एकाच गावात दादासाहेब खापर्डे, रंगनाथ मुधोळकर आणि मोरोपंत जोशी असे तीन मोठे वकील. खापर्डे टिळकांचे जिवलग. मुधोळकर मवाळ, १९१२ मध्ये बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. जोशीही मवाळ, पुढे सरकारने त्यांना 'सर' केलं. चोविशी-पंचविशीतला एक मास्तर या गावात राहतो आहे. त्याच्या कानावर रोज काय पडत असेल? सरकारशी भांडायचं, की सरकारात शिरायचं?

हा प्रश्न लक्षात ठेवा. अणे आयुष्यभर याच प्रश्नाशी झुंजले.

मास्तरकी सोडून ते यवतमाळला वकिली करायला गेले, टिळकांच्या होमरूल चळवळीत पडले. टिळक १९२० मध्ये गेले, गांधी आले, असहकार आला. टिळकांच्या माणसांची इथे पंचाईत झाली. टिळकांचं म्हणणं साधारण असं होतं की जेवढं मिळतं तेवढं घ्या आणि उरलेल्यासाठी भांडत राहा. गांधी म्हणत होते, त्यांचं काही घेऊच नका. आता करायचं काय?

आणि इथे १९२५ मध्ये अमरावतीत एक बॉम्ब पडला. खराखुरा नाही, राजकारणातला. अमरावतीचे वकील श्रीपाद बळवंत तांबे हे स्वराज्य पक्षाचे. हा पक्ष कायदे मंडळात गेला होता तोच मुळी आतून अडवणूक करायला. मध्य प्रांतात त्यांचं बहुमत होतं आणि त्यांनी सरकारचा कारभार खरोखर अडवूनही दाखवला. तांबे त्या मंडळाचे अध्यक्ष. आणि ऑक्टोबर १९२५ मध्ये याच तांब्यांनी सरकारने देऊ केलेलं गृहखात्याचं पद स्वीकारलं! पोलीस, कायदा-सुव्यवस्था, सगळं ज्याच्या हातात, ते पद. त्यांच्या आधी त्या खुर्चीवर कोण होतं माहीत आहे? सर मोरोपंत जोशी. तेही अमरावतीचेच. म्हणजे एकाच गावाने लागोपाठ दोन गृहमंत्री दिले आणि दुसऱ्याने तर अख्ख्या देशात गदारोळ उडवला.

मोतीलाल नेहरू भडकले. सडलेला अवयव कापून टाकावा लागेल, अशा अर्थाचं बोलले. महाराष्ट्रातले केळकर, जयकर, नागपूरचे मुंजे तांब्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांचं म्हणणं, खुर्ची हातात घेतल्याशिवाय लोकांचं काम कसं होणार? फेब्रुवारी १९२६ मध्ये ही मंडळी जमली ती आपल्या अकोल्याला. तिथे प्रतियोगी सहकारितेचा पक्ष उभा राहिला. नाव जड आहे, अर्थ सोपा: तुम्ही जसे वागाल तसे आम्ही वागू. सरकारने हात पुढे केला तर आम्ही हात देऊ, मूठ दाखवली तर मूठ. या पक्षात अणे पहिल्या फळीत होते.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सरकारधार्जिणे झाले का? मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा असंच वाटलं होतं. पण १९३० बघा.

मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. वऱ्हाडाला समुद्र कुठला? अकोला जिल्ह्यात दहीहांड्याला मात्र खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या. खारपाणपट्टा, जिथलं पाणी आजही तोंडात घालवत नाही. तिथे त्या पाण्यापासून मीठ काढून कायदा मोडला गेला. ज्या पाण्याला आपण पिढ्यानपिढ्या शिव्या घालतो ते पाणी एकदा तरी कामाला आलं. पण यवतमाळकडे तेही नाही. तिथे काय आहे? जंगल. गुरांसाठी गवत कापायचं तर जंगल खात्याची परवानगी, पैसे, दंड. शेतकऱ्याच्या रोजच्या जगण्यातला काच तोच. अण्यांनी तो पकडला. १० जुलै १९३० ला पुसदजवळ त्यांनी राखीव जंगलातलं गवत कापलं आणि अटक करून घेतली. पन्नाशीला टेकलेला, केंद्रीय कायदे मंडळात वऱ्हाडचा प्रतिनिधी म्हणून बसलेला हा वकील, हातात विळा घेऊन. तेव्हा व्हाइसरॉय कोण? इर्विन. तोच, दवाखानावाला.

मधली वर्षं भराभर सांगतो. १९३३ मध्ये बाकी पुढारी तुरुंगात असताना अणे काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. १९३४ मध्ये जातीय निवाड्यावरून काँग्रेसने ठाम भूमिका घेतली नाही म्हणून मदनमोहन मालवीयांबरोबर त्यांनी वेगळा पक्ष काढला. भांडायचे, बाहेर पडायचे, पुन्हा एकत्र यायचे. कुणाशी कायमची कट्टी नाही.

आता १९४१.

युरोपात युद्ध पेटलं होतं. व्हाइसरॉय लिनलिथगो याने आपल्या कार्यकारी मंडळाचा विस्तार केला. हे मंडळ म्हणजे आजच्या केंद्रीय मंत्रिमंडळासारखं, फक्त यात निवडून कुणी आलेलं नाही, पंतप्रधान नाही, शेवटचा शब्द व्हाइसरॉयचा. या मंडळात पहिल्यांदाच भारतीयांची संख्या इंग्रजांपेक्षा जास्त झाली. पण गृह, अर्थ, संरक्षण? ती गोऱ्यांकडेच. तिजोरी आणि बंदूक त्यांची, बाकी तुम्ही सांभाळा. काँग्रेसने याच्याकडे पाठ फिरवली. अणे गेले. त्यांना खातं मिळालं परदेशस्थ भारतीयांचं.

शांततेच्या काळात हे बिनकामाचं खातं वाटलं असतं. पण त्याच सुमारास तिकडे टोकियोत काय चाललं होतं ते ऐका. १६ ऑक्टोबर १९४१ ला जपानचे पंतप्रधान कोनोए यांनी राजीनामा दिला. राजघराण्याच्या जवळचा, शिकलेला सरदार माणूस. अमेरिकेशी बोलणी करत होते, सैन्य ऐकत नव्हतं. ते बाजूला झाले आणि दोनच दिवसांनी जनरल तोजो त्या खुर्चीवर आला. डिसेंबरात पर्ल हार्बर, लगोलग मलाया, मग ब्रह्मदेश. ८ मार्च १९४२ ला रंगून पडलं. कोनोएंचा राजीनामा बरोबर की चूक, यावर जपानात अजून वाद घालता येतो. पण त्याचा परिणाम वणीच्या एका वकिलाच्या दिल्लीतल्या टेबलावर येऊन पडला. कारण ब्रह्मदेशात लाखो भारतीय होते. मजूर, कारकून, व्यापारी. चार-पाच लाख माणसं आसाम आणि चितगावच्या दिशेने निघाली, त्यातले कितीतरी पायी. डोंगर, पाऊस, कॉलरा, हिवताप. हजारो वाटेतच गेली. आणि तक्रार अशी की गोऱ्यांसाठी एक बरी वाट, काळ्यांसाठी दुसरी, वाईट. हे सगळं अण्यांच्या खात्याचं काम. हाताखाली ना सैन्य, ना रेल्वे, ना पैसा. नावाला मंत्री.

इथपर्यंत मी अण्यांच्या बाजूने आहे. आता पुढचं अवघड आहे.

ऑगस्ट १९४२. काँग्रेसने 'चले जाव'चा ठराव केला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे गांधी, नेहरू, पटेल, सगळे आत. या अटका ज्या सरकारने केल्या त्याच्या मंडळात बहुसंख्य भारतीय होते. अणे त्यात होते. ते उठले नाहीत.

आणि त्याच महिन्यात त्यांच्या स्वतःच्या मुलखात काय झालं? अमरावती जिल्ह्यात बेनोडा आणि यावली इथे गोळीबार झाले, माणसं मेली. आज त्या गावांच्या नावापुढे आपण 'शहीद' लावतो. एसटीच्या पाटीवर वाचता ना, बेनोडा शहीद, यावली शहीद? ते ऑगस्ट १९४२ चं आहे. तिकडे चांदा जिल्ह्यात चिमूर. १६ ऑगस्टला जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना मारलं. त्यानंतर फौज आली आणि गावातल्या बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. तुकडोजी महाराजांनाही अटक झाली. सरकार म्हणत होतं, चौकशीची गरज नाही.

नोव्हेंबरात सेवाग्रामहून प्राध्यापक भन्साळी दिल्लीला गेले. गांधींच्या आश्रमातले, हट्टी, तपस्वी माणूस. ते थेट अण्यांच्या बंगल्यावर गेले. मागणी एकच: तुम्ही आमच्या भागातले आहात, तुम्ही सरकारात आहात, चिमूरला चला, त्या बायकांचं ऐका, चौकशी लावा. अणे गेले नाहीत. भन्साळींनी तिथेच अन्न सोडलं. पोलिसांनी त्यांना उचलून दिल्लीबाहेर काढलं, सेवाग्रामला पाठवलं. तिथे त्यांचं उपोषण ६३ दिवस चाललं. १२ जानेवारी १९४३ ला सुटलं.

मला हा प्रसंग वाचून झोप लागली नाही, खरं सांगतो. गृहखातं अण्यांकडे नव्हतं, मान्य. व्हाइसरॉयने ऐकलं नसतं, तेही मान्य. पण दारात एक माणूस उपाशी बसला आहे आणि चिमूर तुमच्या वणीपासून फार लांब नाही. त्या दिवशी गाडी काढून निघाले असते तर? खुर्ची गेली असती. तीन महिन्यांनी गेलीच.

कशी गेली ते सांगतो. १० फेब्रुवारी १९४३ ला गांधींनी आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं. वय ७३. आठवडा झाला आणि तब्येत ढासळायला लागली. उपोषणापुरतं सोडतो, असं सरकारने आधी सांगून पाहिलं होतं, गांधींनी नाकारलं. आता प्रश्न एकच होता: बिनशर्त सोडायचं की मरू द्यायचं? लिनलिथगो हलायला तयार नव्हता. मंडळातल्या बहुमतानेही सोडण्याच्या बाजूने कौल दिला नाही.

१७ फेब्रुवारीला तिघांचे राजीनामे जाहीर झाले. सर होमी मोदी, नलिनी रंजन सरकार आणि बापूजी अणे. तिघांचं मिळून एक छोटं निवेदन होतं. मूलभूत प्रश्नावर मतभेद झाले, म्हणून पदावर राहता येत नाही. वर व्हाइसरॉयच्या सौजन्याबद्दल आभार! आजच्या राजीनाम्यांची पत्रं बघा आणि हे बघा. ना शिवीगाळ, ना 'मला धमकी आली', ना दुसऱ्या दिवशी नवीन पक्षात प्रवेश.

सगळे भारतीय सदस्य मात्र बाहेर पडले नाहीत. डॉ. आंबेडकर तेव्हा याच मंडळात मजूरमंत्री होते, १९४२ पासून. ते राहिले, १९४६ पर्यंत राहिले, आणि कामगारांसाठी त्या खुर्चीवरून त्यांनी जे केलं त्याची फळं आपण आजही खातो. म्हणून 'राजीनामा देणारा मर्द, न देणारा भित्रा' असला हिशोब इथे लावता येत नाही. आंबेडकर कुणाच्या वतीने तिथे बसले आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अण्यांचं तसं नव्हतं. त्यांची माणसं तुरुंगात होती. त्यांच्या पुसदच्या, यवतमाळच्या, अमरावतीच्या सत्याग्रहातले सोबती.

माझं मत विचाराल तर अण्यांनी ऑगस्टात उठायला हवं होतं. निदान नोव्हेंबरात, भन्साळी दारात बसले तेव्हा. पण अकोल्यात १९२६ ला जे सूत्र त्यांनी धरलं, समोरचा हात देतो तोवर आपण हात द्यायचा, ते त्यांनी अगदी टोकापर्यंत तपासून पाहिलं. मूठ दिसायला त्यांना सहा महिने जास्त लागले. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात वाजवू. मागच्या वेळी खापर्ड्यांचं नाव घेतलं तर चाळीस व्हॉइस नोटा आल्या होत्या, त्यातल्या वीस तर माझ्या उच्चारांवर होत्या.

गांधी वाचले. ३ मार्चला उपोषण सुटलं. अण्यांच्या रिकाम्या खुर्चीवर थोड्याच महिन्यांत डॉ. ना. भा. खरे आले. तेही विदर्भातलेच, नागपूरचे. खुर्चीला विदर्भाचा माणूस आवडत असावा.

आणि अणे? इथे गोष्ट नीट बसत नाही, आणि म्हणूनच मला ती आवडते. ज्या सरकारला राजीनामा तोंडावर दिला, त्याच सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते त्याच वर्षी सिलोनला गेले. आजची श्रीलंका. तिथल्या चहामळ्यांत लाखो तमिळ मजूर, त्यांच्या हक्कांची भांडणं. १९४७ पर्यंत ते तिथे होते. म्हणजे पुन्हा सहकारिता! काही लोक चिडले असतील. पण परदेशातल्या भारतीयांचं काम अर्धवट टाकून आलो ही बोच त्यांना होती का, असा विचार माझ्या मनात येतो.

स्वातंत्र्यानंतर जानेवारी १९४८ ते जून १९५२ ते बिहारचे राज्यपाल. मग पुन्हा घरी, पुन्हा राजकारण. नागपूरमधून लोकसभेत गेले, वेगळ्या विदर्भाची मागणी लावून धरली. ऐंशी ओलांडलेला माणूस, अजून भांडतोय. आणि या सगळ्या गडबडीत त्यांनी लोकमान्य टिळकांवर संस्कृतमध्ये एक महाकाव्य लिहिलं, 'तिलकयशोर्णव'. २६ जानेवारी १९६८ ला गेले. त्याच वर्षी पद्मविभूषण. काव्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो १९७३ मध्ये, गेल्यानंतर पाच वर्षांनी.

एक जाता जाता. २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या महाधिवक्त्यांनी वेगळ्या राज्याच्या विधानांवरून राजीनामा दिला, आठवतं? विधानसभेत गोंधळ झाला होता. श्रीहरी अणे. बापूजींचे नातू.

पुढच्या भागात दादासाहेब खापर्डे. त्यांच्या इतक्या वर्षांच्या रोजनिश्या आहेत की एका भागात मावणार नाहीत, दोन करावे लागतील. अमरावतीकरांनो, खापर्डे बगीच्यात राहणारा कुणी असेल तर मेसेज करा, तुमच्याकडे रेकॉर्डिंगला येतो. इर्विनवरून रिक्षा करतो.